दारावर बँकेचा कागद लागला होता. करारावर सही करू का?

«आम्ही मूळचे डिचोलीचे. मिस्टरांची नोकरी पणजीत आहे आणि मुलगी यंदा पर्वरीच्या शाळेत जाणार, म्हणून पर्वरीला दोन बेडरूमचा फ्लॅट पाहिला. भाडे महिना २८,०००, अनामत सहा महिन्यांची म्हणजे १,६८,०००, करार तीन वर्षांचा. मालक लंडनला असतात. त्यांचे धाकटे भाऊ म्हापशाहून येऊन सगळा व्यवहार पाहतात. घर मनापासून आवडले. पण वॉचमन म्हणाला, पावसाच्या आधी बँकेची माणसे येऊन दारावर कागद चिकटवून गेली होती. भावाला विचारले तर ‘जुना विषय, तो मिटला’ एवढेच म्हणाले. समोरच्या काकी सांगतात की सोसायटीचे पैसे दोन वर्षे भरलेले नाहीत. मालकाची ऐपत कशी तपासायची? आणि असे विचारणे अपमानाचे वाटेल का?»
— एक वाचक, डिचोली

ताई, तूर्तास टोकन म्हणून एक रुपयाही देऊ नका आणि वॉचमनचे ते वाक्य सोडून देऊ नका.

लंडनला राहणाऱ्या माणसाची मिळकत किती, बचत किती, हे तुम्हाला कळणार नाही आणि कळून फारसा उपयोगही नाही. मालकाच्या पैशांच्या ओढाताणीचा फटका भाडेकरूला मुख्यतः तीन वाटांनी बसतो. बँक घर ताब्यात घेते, अनामत परत मिळत नाही, किंवा मालकाने थकवलेल्या बिलांमुळे तुमची वीज, पाणी, लिफ्ट अडते. या तिन्हींचे कागद घराशी बांधलेले असतात आणि ते मिळवता येतात. म्हणून माणसाची ऐपत बाजूला ठेवा आणि घरावरचा बोजा तपासा.

सुरुवात त्या कागदापासून करू.

घरकर्जाचा हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की बँक ते खाते एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरवते. त्यानंतर २००२ च्या सर्फेसी कायद्याने, म्हणजे बँकांच्या तारणवसुलीच्या कायद्याने, कारवाई करता येते आणि त्यासाठी बँकेला आधी कोर्टात जावे लागत नाही. पहिली नोटीस कलम १३(२) ची: साठ दिवसांत रक्कम भरा. ती कर्जदाराच्या हाती पडली नाही तर दारावर लावता येते, आणि मालक परदेशी असला की असे घडू शकते. साठ दिवसांत पैसे आले नाहीत तर कलम १३(४) खाली ताबा नोटीस निघते. ती दारावर लावावीच लागते, शिवाय सात दिवसांच्या आत दोन दैनिकांत छापावी लागते आणि त्यांतले एक स्थानिक भाषेतले असावे लागते. तिसरा कागद लिलावाचा.

भाडेकरूची सर्वांत जास्त फसगत होते ती दुसऱ्या कागदाशी. बहुतेक वेळा हा ताबा आधी प्रतीकात्मक असतो. बँक कागदोपत्री ताबा घेते, पण कुलूप लावत नाही, किल्ली मालकाकडेच राहते, दिवे लागतात, पंखे फिरतात. घर पाहायला आलेल्या माणसाला काही वावगे दिसत नाही. मग काही महिन्यांनी बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम १४ खाली प्रत्यक्ष ताब्यासाठी अर्ज करते, आदेश होतो आणि पोलिस बंदोबस्तात माणसे दाराशी येतात. तेव्हा घरात मालक नसतो, भाडेकरू असतो.

याच कायद्यातले कलम १३(१३) तुमच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचे. १३(२) ची नोटीस मिळाल्यानंतर कर्जदाराला ते घर बँकेच्या लेखी संमतीशिवाय विकता येत नाही आणि भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. म्हणजे तो कागद नोटिशीचा असेल आणि विषय खरोखर मिटलेला नसेल, तर तुमच्या तीन वर्षांच्या कराराला बँकेसमोर आधार नाही, मग तो कितीही चांगल्या वकिलाने लिहिलेला असो.

म्हणून ‘मिटला’ या शब्दामागचा कागद मागा. मिटण्याचे तीन प्रकार असतात आणि तिन्हींचे पुरावे वेगळे.

कर्ज पूर्ण फिटले असेल तर बँकेचे ‘येणे बाकी नाही’ असे पत्र असते आणि घराचे मूळ खरेदीखत मालकाकडे परत आलेले असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ दस्त परत करणे बँकेला बंधनकारक आहे, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. त्यामुळे ‘कर्ज फिटले, पण कागद अजून बँकेतच आहेत’ हे उत्तर काही महिन्यांनंतर पटण्यासारखे नाही. भावाला सरळ विचारा, मूळ खरेदीखत कुठे आहे? झेरॉक्स सगळ्यांकडे असते. उपनिबंधकाच्या शिक्क्याचे मूळ खत समोर ठेवले गेले तर अर्धी काळजी तिथेच मिटते.

थकलेले हप्ते भरून कर्ज पुन्हा सुरळीत झाले असेल तर खाते नियमित आहे आणि कारवाई मागे घेतली आहे, असे बँकेचे पत्र हवे, तेही चालू महिन्याचे. सहा महिन्यांपूर्वीच्या पत्राने आजचे काही कळत नाही.

तिसरा प्रकार एकरकमी तडजोडीचा, बँकेत ज्याला ओटीएस म्हणतात. ‘मिटला’ म्हणताना पुष्कळदा हाच अभिप्रेत असतो. यात ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखांना भरायची असते. एक तारीख चुकली की तडजोड मोडू शकते आणि जुनी कारवाई होती तिथून पुढे सरकते. असे असेल तर शेवटचा हप्ता भरल्याची पावती येईपर्यंत त्या घरात पाऊल टाकू नका. तुमची १,६८,००० ची अनामत त्या तडजोडीच्या हप्त्यासाठीच मागितली जात असण्याची शक्यता अशा वेळी धरून चालावे. सहा महिन्यांची अनामत राहत्या घरासाठी जास्तच आहे. केंद्राने २०२१ मध्ये राज्यांसाठी जो आदर्श भाडे कायदा मंजूर केला, त्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांपुरती मर्यादित आहे. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, पण बोलणी करताना आधाराला चांगला.

मूळ कागदापर्यंत पोहोचायचे तर वॉचमनला विचारा, कोणी फोटो काढला होता का? सोसायटीच्या सेक्रेटरीकडे प्रत असण्याची शक्यता बरीच, कारण अशी नोटीस लागली की कार्यालयात चर्चा होतेच. नोटिशीवर बँक, शाखा, रक्कम, तारीख आणि ‘प्राधिकृत अधिकारी’ म्हणून सही असते. ती शाखा कळली तरी दुसऱ्याच्या खात्याची माहिती बँक तुम्हाला देणार नाही, आणि ते योग्यच आहे. मालकाने स्वतः बँकेला ई-मेल करून पत्र मागवावे आणि तुम्हाला पाठवावे. ज्याचे खाते सुरळीत आहे त्याला हे पत्र मिळवणे जड नसते.

आता कर्ज आहे, पण काही थकलेले नाही, असे निघाले तर? घाबरू नका. कर्ज असलेली असंख्य घरे भाड्याने जातात आणि सगळे व्यवस्थित चालते. फक्त दोन गोष्टी पाहा. पहिली, बँकेची लेखी परवानगी. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६५अ प्रमाणे गहाण ठेवणाऱ्याला घर भाड्याने देता येते, पण अटी घालून: मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त नको, भाडे आगाऊ घ्यायचे नाही, नूतनीकरणाची अट घालायची नाही. शिवाय कर्जाच्या करारात बँका बहुधा परवानगीची अट वेगळी घालतातच. दुसरी गोष्ट, हप्ता आणि भाडे यांचे प्रमाण. समजा ४० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी असेल, तर हप्ता साधारण ३४,७०० येतो. भाडे २८,०००. उरलेले सहा-सात हजार मालक खिशातून भरतो. नोकरी चांगली असेल तर त्याला ते जाणवणारही नाही, पण हप्ता साठ हजारांवर असेल तर तुमच्या भाड्याने त्याचे अर्धेही भागत नाही, आणि नोकरीत खंड पडला की पहिला ताण याच घरावर येतो.

लोक विश्वासाने उपनिबंधक कार्यालयातून बोजा नसल्याचा दाखला काढतात, ज्याला आपण ‘नील’ सर्टिफिकेट म्हणतो. पर्वरी बार्देश तालुक्यात, म्हणून हे म्हापशाच्या कार्यालयात. मालकाच्या खरेदीखताच्या तारखेपासून आजपर्यंतचा काढा. पण त्यात एक मोठी फट आहे. घरकर्ज बहुतेक वेळा मूळ कागद बँकेत ठेवून घेतलेल्या गहाणावर असते. अशा गहाणाला नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी झालेली नसेल तर ते या दाखल्यात दिसत नाही. दाखला स्वच्छ, घरावर पन्नास लाखांचे कर्ज, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

ही फट भरायला सेरसाई आहे, म्हणजे तारणांची केंद्रीय नोंदवही. ती ३१ मार्च २०११ पासून सुरू आहे. बँका आणि गृहकर्ज कंपन्या गहाणाची नोंद तिथे करतात आणि कोणालाही तिच्या संकेतस्थळावर मालमत्तेच्या पत्त्यावरून शोध घेता येतो. शुल्क दहा रुपये अधिक जीएसटी. शोध एकदाच घेऊन थांबू नका. नोंद करणाऱ्याने पत्ता कसा लिहिला यावर सगळे अवलंबून असते. एकदा सर्व्हे नंबर टाकून, एकदा इमारतीचे नाव, एकदा फ्लॅट नंबर, एकदा पर्वरीऐवजी महसुली गावाचे नाव (सुकूर किंवा साल्वादोर द मुंद, खरेदीखतात असेल ते) असे चार-पाच प्रकार करून पाहा. पतसंस्थेचे कर्ज मात्र तिथे दिसेलच असे नाही. गोव्यात पतसंस्थांकडून घर तारण ठेवून पैसे उचलण्याची पद्धत आहे, तेव्हा भावाला तोही प्रश्न वेगळा विचारा.

एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा पाहिला तर गोंधळू नका. भूमापन खात्याच्या संकेतस्थळावर गाव आणि सर्व्हे नंबर टाकून तो दिसतो, पण फ्लॅटच्या बाबतीत त्यावर फ्लॅटमालकाचे नाव सहसा नसते. बिल्डर किंवा मूळ जमीनमालक असतो, कारण जमीन सोसायटीच्या नावे झालेलीच नसते. फ्लॅटची मालकी नोंदणीकृत खरेदीखतावरून पाहायची. स्वतंत्र घर घेणार असतात तर एक-चौदा फार महत्त्वाचा ठरला असता. त्यात सहमालकांची नावे, कूळ, इतर हक्क असे सगळे येते.

खरेदीखतात पती-पत्नी दोघांची नावे आहेत का, हेही पाहा. गोव्याच्या नागरी संहितेत वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर संपत्ती दोघांच्या समाईकीत असते. त्यामुळे मालक गोंयकार असेल तर नाव एकाचे असले तरी पत्नीचा वाटा गृहीत धरायचा. करारावर दोघांच्या सह्या किंवा दोघांचे मुखत्यारपत्र हवे.

कोर्टातले दावे ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. उत्तर गोवा निवडा, पक्षकाराचे नाव टाका, मागची पाच-सहा वर्षे एकेक करून पाहा. नावाचे रोमी स्पेलिंग बदलून पुन्हा पुन्हा शोधावे लागते. जुन्या पोर्तुगीज धाटणीत कामतचे ‘कामोतिम’ आणि परबचे ‘पोरोब’ झालेले असते, आणि एकाच माणसाचे नाव खरेदीखतात एक, आधारवर दुसरे असू शकते. एखादा जमिनीचा दावा असणे गोव्यात अगदी साधे आहे, त्यावरून माणसाला जोखू नका. पण चेक न वटल्याचे, म्हणजे कलम १३८ चे, दोन-तीन खटले आरोपी म्हणून दिसले तर त्या माणसाच्या हाती अनामत देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कर्जवसुली न्यायाधिकरणाच्या संकेतस्थळावरही नावाने शोध घेता येतो. सर्फेसीच्या कारवाईला मालकाने आव्हान दिले असेल तर ते तिथे सापडेल. मालक कंपनी असती तर कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर तिच्यावरच्या तारणांची यादी पाहायला सांगितली असती.

सिबिलचा अहवाल मागावा का, असेही काही वाचक विचारतात. दुसऱ्याचा अहवाल तुम्हाला कायद्याने काढता येत नाही आणि मागू नये. त्यात माणसाचे क्रेडिट कार्ड, गाडीचे कर्ज, सगळे असते. तुमचा प्रश्न त्या फ्लॅटपुरता आहे.

काकींनी सांगितलेले मात्र सोन्यासारखे आहे. सोसायटीचे दोन वर्षांचे थकलेले पैसे हा मालकाच्या आजच्या स्थितीचा बहुधा सर्वांत खरा मापक आहे, कारण माणूस अडचणीत आला की बँकेच्या हप्त्याआधी तो मेंटेनन्स थांबवतो. सेक्रेटरीकडून लेखी आकडा घ्या. महिना २,००० धरले तर दोन वर्षांचे ४८,००० होतात. बँकेचे पत्र समाधानकारक आले, तर ही रक्कम तुम्ही अनामतीतून थेट सोसायटीला भरायची, पावती मालकाच्या फ्लॅटच्या नावे घ्यायची आणि ती अनामतीचा भाग म्हणून करारात लिहायची, असा मार्ग आहे. पैसे निदान घराच्या कामी जातात आणि लिफ्ट, पाणी यावरून तुमच्याशी कोणी वाद घालत नाही. मात्र हा मार्ग बँकेचा विषय सुटल्यावरच, आधी नाही.

वीज खात्याचे शेवटचे बिल पाहताना फक्त रक्कम पाहू नका, ‘मागील थकबाकी’ची ओळ पाहा आणि मीटर कोणाच्या नावे आहे ते पाहा. घरपट्टीची पावती पंचायतीची, पाण्याचे बिल वेगळे. राहायला जायच्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो दोघांच्या देखत काढा.

आता लंडनचा विषय. याकडे फार कमी भाडेकरू लक्ष देतात आणि नंतर त्यांच्याच नावे नोटीस येते. मालक आयकराच्या दृष्टीने अनिवासी असेल तर त्याला भाडे देताना टीडीएस कापण्याची जबाबदारी भाडेकरूची, म्हणजे तुमची. देशात राहणाऱ्या मालकासाठी ही जबाबदारी महिना ५०,००० च्या वरच्या भाड्याला येते आणि दर दोन टक्के. अनिवासी मालकासाठी अशी किमान मर्यादाच नाही, आणि दर तीस टक्के अधिक चार टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. तुमच्या २८,००० वर ८,७३६ रुपये कापून सरकारकडे भरायचे आणि १९,२६४ मालकाला. यासाठी तुम्हाला टॅन, म्हणजे कर कापून भरणाऱ्याचा नंबर, घ्यावा लागतो. मालकाला कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आणता येतो, तो आणला तर त्यातल्या दराने कापायचे. हे न करता तुम्ही वर्षभर पूर्ण भाडे भावाच्या खात्यात टाकलेत, तर कराची रक्कम व्याजासह तुमच्याकडून मागितली जाऊ शकते. जवळच्या सीएला एकदा भेटा. भाडे मालकाच्या स्वतःच्या एनआरओ खात्यातच (अनिवासी माणसाचे भारतातले बँक खाते) जाऊ द्या. अनामतही तिथेच, रोख नाही, भावाच्या गूगल पेवर नाही.

भावाकडे मुखत्यारपत्र आहे का? तोंडी ‘दादाने सांगितले आहे’ चालणार नाही. परदेशात केलेले असेल तर भारतीय वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीसमोर करून अपोस्टिल केलेले (त्या देशाच्या सरकारचा प्रमाणीकरणाचा शिक्का असलेले) हवे, आणि त्यात भाड्याने देणे, अनामत घेणे आणि परत करणे हे अधिकार स्पष्ट लिहिलेले हवेत. मालकाशी एकदा व्हिडिओ कॉल करा आणि त्याच्या तोंडून रक्कम, मुदत, खाते क्रमांक ऐका. गोव्यात परदेशी राहणाऱ्यांच्या मालमत्तांवर बनावट कागदांनी हात मारण्याचे इतके प्रकार झाले की २०२२ मध्ये सरकारला त्यासाठी विशेष तपास पथक नेमावे लागले. सख्खा भाऊ आहे म्हणून कागद मागायचा नाही, असे करू नका.

विचारण्याने अपमान होईल का, हा तुमचा प्रश्न संकोचातून आला आहे आणि तो संकोच आम्हाला समजतो. पण मालकही तुमचे आधार, पगारपत्रक, पोलिस पडताळणीचा फॉर्म मागणारच आहे, आणि भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात देणे त्याचे कामच आहे. तपासणी दोन्ही बाजूंनी होते. असा निरोप पाठवा:

«भाऊ, फ्लॅट आम्हाला पसंत आहे. आमचे सगळे कागद आणि पोलिस पडताळणीचा फॉर्म तयार आहे. तुमच्याकडून एवढे हवे: खरेदीखताची प्रत आणि मूळ दाखवावे, कर्जखात्याबद्दल बँकेचे या महिन्याचे पत्र आणि भाड्याने देण्यास हरकत नसल्याचे पत्र, सोसायटीच्या थकबाकीचा आकडा, दादांचे मुखत्यारपत्र आणि एनआरओ खात्याचा तपशील. कागद मिळाले की दुसऱ्या दिवशी करार करू.»

यात आरोप नाही. चांगला माणूस चार दिवसांत कागद जमवतो. ‘इतकी चौकशी करणारे भाडेकरू आम्हाला नकोत’ असे उत्तर आले तर तेही उत्तरच समजा.

सगळे नीट निघाले तर करारात या गोष्टी येऊ द्या. अनामत दोन महिन्यांची, ५६,०००. सहा महिन्यांवर अडून बसले तर तीन, त्यापुढे नाही. मुदत तीन वर्षांची हवी असेल तर करार उपनिबंधकाकडे नोंदवा, एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी न केलेल्या तीन वर्षांच्या कागदावर विसंबू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सर्फेसीच्या प्रकरणात सांगितले आहे की नोंदणी नसलेल्या किंवा तोंडी करारावरच्या भाडेकरूला तारण मालमत्तेत एका वर्षापलीकडे ताबा टिकवता येत नाही. नोंदणीचा खर्च नको असेल तर अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे राहण्याच्या परवान्याचा करार, करा आणि दरवर्षी नवा, पण मग लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या काळात करार न मोडण्याची अट, फक्त तुमच्यावर असू नये.

मालकाच्या निवेदनाचे कलम आमच्या मते असे असावे: «या फ्लॅटवर (बँकेचे नाव) यांचे कर्ज आहे / कोणतेही कर्ज नाही. आज कोणतीही थकबाकी, नोटीस अथवा दावा प्रलंबित नाही. अशी नोटीस आल्यास मालक सात दिवसांत भाडेकरूला लेखी कळवील. तसे झाल्यास भाडेकरूला लॉक-इन न लागता तीस दिवसांची सूचना देऊन घर सोडता येईल, आणि अनामत संपेपर्यंत उरलेले भाडे अनामतीतून वळते करून घेता येईल.» शेवटचे वाक्य मालक काढायला सांगेल. ते काढू देऊ नका. बँकेने घर घेतल्यावर अनामत परत करण्याची जबाबदारी बँक स्वतःवर घेत नाही. तुमचा दावा जुन्या मालकावर राहतो, तोही लंडनमध्ये. तेव्हा आत राहून भाड्यात फेडून घेणे हाच पैसे परत मिळवण्याचा खरा मार्ग उरतो. त्याच धर्तीवर, सोसायटी किंवा वीज थकली तर भाडेकरूने भरून भाड्यातून कापावे, हेही लिहा.

राहायला गेल्यावर वर्षभराचे भाडे आगाऊ द्या, दोन महिने सूट देतो, असे कोणी म्हणाले तर नको म्हणा. आगाऊ दिलेले भाडे बँक मोजेल याची खात्री नाही. कधी दारावर नोटीस लागली तर ती फाडू नका, फोटो काढा, तारीख टिपून ठेवा आणि त्याच आठवड्यात वकिलाला दाखवा, कारण न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुदत ४५ दिवसांची असते. बँकेने लेखी नोटीस देऊन भाडे थेट आमच्याकडे भरा असे सांगितले, तर शाखेत जाऊन खातरजमा करा आणि भरा, पावती घ्या. कलम १३(५) प्रमाणे ते मालकालाच दिल्यासारखे धरले जाते.

आणि या फ्लॅटबद्दल: दहा दिवस थांबा. तेवढ्यात बँकेचे पत्र आले नाही तर तो सोडा. शाळेची गडबड आहे, घर मनात बसले आहे, हे कळते. पण १,६८,००० ला ३६ महिन्यांनी भागून पाहा, महिन्याला ४,६६७ रुपये येतात. अनामत बुडाली तर हे घर तुम्हाला मुळात ३२,६६७ ला पडलेले असेल, आणि मधेच सामान उचलावे लागले तर त्याहून महाग. पर्वरीत, बेतीला किंवा सुकूरला ३१,००० चा कागद स्वच्छ असलेला फ्लॅट मिळाला तर तो या घरापेक्षा स्वस्तच ठरेल. भावाला निरोप आज पाठवा, सेक्रेटरीला उद्या भेटा, आणि तोवर दुसरी दोन घरे पाहून ठेवा.